बिनआरशाचं ड्रेसिंग टेबल

माईंनी एकदा ठरवलं की ते फिरवायची प्राज्ञा घरात कोणाची नव्हती. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही नव्या खोल्यांत, दोन्ही सुनांना एकेक, अशी ड्रेसिंग टेबलं येणार आणि तीही जुनीच येणार, हे त्यांनी भिंतींचा रंग वाळायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. नव्या फर्निचरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. भुसा दाबून केलेल्या फळ्या आणि वरून लाकडाचं सोंग, असं त्या म्हणत. सोंग घ्यायचं तर माणसानं घ्यावं, टेबलानं कशाला?

मुळात ह्या घरात आजवर ड्रेसिंग टेबल नव्हतं, हे सांगून कोणाला पटलं नसतं. खाली आरशांचं दुकान, मागे कारखाना, वर बिऱ्हाड. सासऱ्यांनी धंदा उभा केला आणि त्यांच्यामागे दोघे मुलगे तो चालवत होते. शहरातल्या निम्म्या सलूनमधले आणि शिंप्यांकडचे आरसे ह्याच कारखान्यातून गेलेले. पण चांगली काच विकायची आणि कोपरा उडालेली वर घरात आणायची, हा सासऱ्यांचा नियम. घरातल्या बायका त्या कोपरे उडालेल्या काचांसमोर उभ्याउभ्याच केस विंचरत आल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर त्या सकाळी दुकानाच्या टेम्पोतून पाचही जण निघाले. पुढे माई आणि गाडी चालवायला धाकटा. मागे काचांसाठी ठेवलेल्या ब्लँकेटांवर थोरला, थोरली आणि धाकटी. टेम्पो रिकामा होता तरी धाकटा प्रत्येक खड्ड्याला थांबून, त्याची विचारपूस केल्यासारखा हळूच गाडी काढत होता. आयुष्यभर काच वाहिलेल्या माणसाला वेगळ्या तऱ्हेने गाडी चालवताच येत नाही. माई म्हणाल्या, की ह्या वेगाने गेलो तर आपण घ्यायच्या आधी टेबलं अजून जुनी होतील.

मागे धाकटी थोरलीकडे चोरून बघत होती. थोरली बाहेर बघत होती, आणि बसली होती ती नेहमीसारखी, डावा गाल गाडीच्या पत्र्याकडे करून.

ह्या घरात काचेला चेहरा द्यायची पद्धत होती. काच तयार झाली की दुकानात जायच्या आधी घरातली एक बाई तिच्यासमोर स्टुलावर बसायची आणि नुसती बघायची. मोठा दोष पट्टी लावून सापडतो, पण बारीक दोष सापडायला रोज आपलं तोंड पाहणारं माणूस लागतं, असं सासरे म्हणत. नाक केसभर सरकलं तरी त्याला कळतं. आधी माई बसायच्या. त्यांची नजर अधू झाली तेव्हा स्टूल थोरलीकडे आलं, आणि तिने ‘हूं’ म्हटलेली काच कधी परत आली नाही.

मग ते आजारपण आलं. एका सकाळी थोरलीच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली. औषधं झाली, व्यायाम झाले, पुष्कळ सुधारलं, पण गाल उतरला तो उतरलाच आणि ओठाचा कोपरा खाली राहिला. “आता काच वाकडी की मी, कसं कळायचं?” असं म्हणून ती हसली, अर्धंच, आणि स्टुलावरून उठली. सगळ्यांनी तो विनोद खरा धरला. स्टूल धाकटीकडे आलं.

धाकटीला ते जमत नव्हतं. स्टुलावर बसली की तिला आपले केस दिसायचे, डोळ्यांखालची वर्तुळं दिसायची, काच काही दिसायची नाही. तिने पास केलेला एखादा तरी आरसा गिऱ्हाइकाकडून परत यायचाच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्याकडे अंगण खरंच वाकडं असतं आणि ही खुशाल नाचते, असं तिचा नवरा तिला चिडवायचा. ती हसण्यावारी न्यायची. तिला बोचायचं ते वेगळंच. बाळंतपणानंतर ती महिनोन्महिने नुसती रडत होती, तेव्हा रोज सकाळी थोरलीने तिला खुर्चीत बसवून तिचे केस विंचरले होते, एक शब्द न विचारता. त्या उपकाराची फेड आपण तिचं स्टूल घेऊन केली, असं तिला वाटत राहायचं.

जुन्या सामानाचा शेठ दारातच उभा होता. पोट पुढे, चष्मा कपाळावर, आणि बोलणं असं की प्रत्येक कपाट जणू त्याच्या नात्यातलं. एक जुनं हॉटेल बंद पडलं होतं आणि त्याच्या खोल्याखोल्यांतली ड्रेसिंग टेबलं आठवड्यापूर्वीच गोदामात येऊन पडली होती. माईंनी फोन केला तेव्हाच त्याने सांगून ठेवलं होतं, की लवकर या, ही मंडळी फार दिवस इथे राहणार नाहीत.

आत शिरल्याबरोबर धाकट्याने खिशातून पेन्सिल काढली आणि टोक पहिल्याच आरशाला टेकवलं. टोक आणि आरशातलं टोक ह्यांच्यात फट किती दिसते त्यावरून काचेची जाडी कळते. लाकूड, खण, पितळी कड्या ह्यांच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. माईंचं उलट. त्यांना हल्ली माणसंही आकारानेच ओळखू यायची, त्यामुळे त्यांनी आरशांना सरळ फाटा दिला आणि एकेक खण ओढून त्याचा वास घ्यायला सुरुवात केली. वास बरा तर लाकूड बरं, आणि लाकूड बरं तर घरात यायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब.

थोरली मात्र उंबऱ्यातच थांबली होती. समोर गोदामभर आरसे होते. उभे, आडवे, गोल, काही टेबलांवर दोन खांबांच्या मध्ये खिळीवर फिरणारे. “तुम्ही बघा. माझं काय, कुठलंही चालेल,” असं ती म्हणाली आणि रुमालाने तोंड पुसलं.

थोरल्याला ते ऐकू आलं. तो पुढे झाला आणि तिच्या वाटेवरच्या रांगेतले आरसे एकेक करून फिरवू लागला. खिळीवरचा आरसा बोटाने ढकलला की आपोआप उलटा होतो, तोंड भिंतीकडे आणि मागची फळी वाटेकडे. पहिला केला, दुसरा केला. आपण काय करतोय हे त्याचं त्याला कळतही नव्हतं. कारखान्यात तो हेच करायचा, जिन्यात हेच करायचा. ती जिथे जाणार तिथे तो दोन पावलं आधी पोचलेला असायचा.

“साहेब, असं काय करताय?” शेठ म्हणाला. “लोक इथे तोंड बघायला येतात. पाठी कसल्या बघणार?”

थोरल्याचा हात तिथल्या तिथे थांबला. धाकट्याने पेन्सिल खिशात घातली. शेठचं काही चुकलं होतं असंही नाही.

“त्यांना सवय आहे,” उंबऱ्यातून थोरली म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि म्हणूनच माईंनी हातातला खण तसाच सोडला. “घरीसुद्धा असंच करतात. मी खाली आले की कारखान्यातले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून उभे. शिक्षा केलेल्या पोरांसारखे.”

“अगं, तुला त्रास नको म्हणून,” थोरला म्हणाला.

“मी कधी म्हटलं त्रास होतो म्हणून?”

“तू स्टुलावर बसायची बंद झालीस. मला वाटलं, तुला बघवत नाही.”

“आणि मला वाटलं, तुम्हाला बघवत नाही.” तिने रुमालाची घडी घातली, मग मोडली. “एकदा समोर बघता, ते नाइलाज म्हणून. आरशात आणखी एकदा दिसले तर नको होतं तुम्हाला. असं वाटायचं मला. इतके दिवस.”

थोरला फार बोलणारा नव्हताच. एरवी अशा वेळी तो मूग गिळून कारखान्यात निघून गेला असता. इथे जायला कारखाना नव्हता. तो त्या उलट्या आरशांच्या रांगेत उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदाच त्या पाठी दिसल्या, काळपट, धुळीच्या, खिळे ठोकलेल्या. ह्या पाठींमधून आपण हिला रोज चालायला लावलं, हे त्याला कळलं. आरसेवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला ही चूक करणं जमलंच नसतं. दुसऱ्या घरात आरसे असतात किती?

“चुकलं माझं,” तो म्हणाला. एवढंच त्याला म्हणता आलं.

थोरली आत आली, पण त्याच्याकडे नाही. भिंतीशी एक टेबल होतं, सागवानी, दोन्ही बाजूंना खण, पाय नाजूक वळणाचे. वर खांब होते, त्यांच्यात कोरीव चौकट होती, आणि चौकटीत काहीच नव्हतं. आरपार मागची भिंत दिसत होती. हॉटेलातच कधीतरी फुटला असणार आरसा, असं शेठ म्हणाला, म्हणूनच ते बिचारं असं कोपऱ्यात बसून आहे.

“मला हे,” थोरली म्हणाली. “फिरवायला आरसाच नाही ह्याला. कोणालाच कष्ट नकोत.”

धाकट्याने लगेच, वहिनी आपण ह्यात काच बसवू, उद्याच बसवू, असं सुरू केलं. तिने मान हलवली. काच नको, चौकट अशीच राहू दे.

माई चाचपडत टेबलांच्या मधून पुढे आल्या. त्यांनी त्या चौकटीत हात घातला, तो पलीकडे गेला तेव्हा त्यांना टेबल कसं आहे ते समजलं. नजर अधू झाली तेव्हाचे दिवस त्यांना आठवले. आपण कशा दिसतो ह्याची रोज धास्ती वाटायची. तेव्हा ही सून रोज सकाळी समोर उभी राहून सांगायची, माई, भांग मधोमध आलाय, माई, आज तोंड सुजलंय, नीट झोप झाली नाही का? नातू झाला तेव्हा त्याचं नाक, त्याचं कपाळ, त्याच्या भुवया, सगळं हिनेच त्यांना बोलून दाखवलं होतं.

“थोरले,” माई म्हणाल्या, “हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. माझ्या डोळ्यांना तर आरसा असून उपयोग नव्हता. तूच माझा आरसा झालीस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, आज म्हणते. फार केलंस माझं. टेबल तुला हवं ते घे. पण माझ्या डोळ्यांना जे केलंस ते स्वतःच्या तोंडाला का करत नाहीस, एवढं सांग.”

थोरलीने त्यांचा हात चौकटीतून हळूच बाहेर काढला. डोळे भरून आले होते आणि डावा डोळा हल्ली लवकर वाहायचा, तो वाहिला.

धाकटीला हे बघवेना. ती पलीकडे जाऊन दिसलं त्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. ते तीन आरशांचं टेबल होतं, मधला मोठा, बाजूचे दोन बिजागरीवर उघडणारे. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलू लागली. की हे किती छान आहे, की ह्यात मागचा अंबाडाही दिसतो, की माई, मला हेच. धाकटा आला, मधल्या काचेला पेन्सिल लावली आणि खूश झाला. जुनी काच, जाड, पाठीमागची चांदी शाबूत. माल पक्का आहे, घेऊन टाकू. धाकटीनेही इकडून तिकडे मान वळवून तीनही आरशांत स्वतःला बघितलं आणि पसंती दिली. तिच्या कानातले डूल हलत होते.

“ते घेऊ नका,” थोरली म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती त्या बिनआरशाच्या टेबलापाशीच उभी होती, बरीच लांब. पण तिचे डोळे धाकटीच्या डाव्या हाताच्या आरशावर होते, आणि ते वेगळे डोळे होते. थोरला ते ओळखत होता.

“डावी काच मूळची नाही. नंतर कोणीतरी स्वस्तातली बसवलीय,” ती म्हणाली. “डूल बघ तुझा. एका जागी आला की लांबतो.”

धाकटीने पाहिलं. तिला काही दिसेना. धाकट्याने पाहिलं, त्यालाही दिसेना. थोरली चटाचट टेबलांतून वाट काढत आली. रुमाल कुठेतरी मागेच पडला. “मान पुढे घे. अजून. इथे, बघ, लांबला. आता मागे घे. झाला नीट. परत पुढे.” आणि धाकटीला खरंच दिसलं. डूल त्या ठिकाणी आला की थेंबासारखा ओघळायचा आणि पुढे गेला की पुन्हा गोल व्हायचा. ती इतके दिवस स्टुलावर बसून केस बघत होती, आणि दोष असा मान हलवून सापडायचा होता.

“पण नेमका कुठून कुठपर्यंत आहे?” धाकट्याने विचारलं. तेवढीच काच बदलावी लागेल की बिजागरीही, हा त्याचा प्रश्न होता.

“सरक,” थोरली म्हणाली.

धाकटी उठली. तिने स्टूल पुढे सरकवलं, दोन्ही हातांनी, आणि बाजूला झाली. थोरली बसली. सुरुवातीला ती फक्त काचेकडे बघत होती, काचेत नाही. तिने मान सावकाश डावीकडून उजवीकडे नेली. मग थांबली. मग पुन्हा नेली, अजून सावकाश.

तिला तिचा चेहरा दिसत होता. गाल उतरलेला होता, ओठाचा कोपरा खाली होता. तो कोपरा काचेच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत तिच्याबरोबर आला, जसाच्या तसा. पण त्या एका जागी आल्यावर मात्र तिचा चांगला गालसुद्धा लांबला, आणि जागा सुटल्याबरोबर पहिल्यासारखा झाला. पूर्वी तिला कधी मान हलवावी लागली नव्हती. ती स्थिर बसायची, चेहरा पाठ होता, चुकलेलं आपोआप डोळ्यांत खुपायचं. आता चेहरा नवीन होता. त्याला हलवून बघायला हवं होतं, आणि ते तिने एकदाही केलं नव्हतं.

“जे माझ्याबरोबर हलतं ते माझं,” ती हळू म्हणाली. “जे जागेवर राहतं ते काचेचं.”

“म्हणजे कळतं तुला,” माई म्हणाल्या.

“कळतं माई. मी बघितलंच नव्हतं.” तिने धाकटीचा हात धरला आणि जवळ ओढली. “तू ह्या स्टुलावर बसत राहिलीस म्हणून ते माझ्यासाठी राहिलं. बोलणी खाल्लीस माझ्यापायी. किती बरं केलंस.”

धाकटीला रडू आवरेना. शेठने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि तोही त्या काचेसमोर मान हलवून बघू लागला. आठवडाभर मी ह्या आरशात बारीक दिसायचो, तो म्हणाला, तरीच.

दोन्ही टेबलं त्याच दिवशी घरी आली. तीन आरशांचं धाकटीच्या खोलीत गेलं आणि धाकट्याने त्याची डावी काच नवी केली. बिनआरशाचं थोरलीच्या खोलीत, खिडकीशेजारी. तिने काच नको म्हटलं होतं, म्हणून चौकट रिकामीच ठेवली. दोन दिवस ती रिकाम्या चौकटीसमोर बसून केस विंचरत होती, समोरची भिंत बघत. तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला चहा देताना म्हणाली, “मापं घेतलीत का चौकटीची?”

त्याने ती घरी आल्या दिवशीच घेतली होती.

काच त्याने एकट्याने केली. कापली, कडा घासल्या, चांदी चढवली, पाठ रंगवली, आणि भावाला जवळही येऊ दिलं नाही. तयार झाल्यावर त्याने ती कारखान्यात उजेडाला उभी केली. थोरली जिना उतरून आली. जिन्यातला आरसा तिने जाताजाता स्वतःच सरळ केला. धाकटीने स्टूल आणून ठेवलं आणि माईंना आधार देऊन शेजारी उभं केलं.

थोरली बसली. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. सावकाश. पुन्हा.

“नाही,” ती म्हणाली. “खाली उजव्या कोपऱ्यात. चार बोटं वर.”

धाकट्याने पट्टी लावली. पट्टीला काही सापडलं नाही. धाकटीने खाली वाकून आपला डूल त्या कोपऱ्यात फिरवला, दोनदा, आणि म्हणाली, “आहे.”

“परत करा,” थोरली म्हणाली.

इतक्या वर्षांत नापास झाल्यावर थोरल्याचा चेहरा असा उजळलेला कोणी पाहिला नव्हता. करतो, म्हणाला, तू म्हणशील तितक्यांदा करतो. त्याने काच उचलली, आणि सवयीने त्याचे हात काचेचं तोंड आपल्याकडे फिरवायला गेले. मग थांबले. ते थोरलीकडेच ठेवून तो उलट्या पावलांनी, मागे न बघता, पार आतल्या दारापर्यंत गेला.